जस्ताचा रकाना

प्रभाकर लेले डोंबिवली एमआयडीसीतल्या एका प्रयोगशाळेत एकतीस वर्षं धातू तपासत आले होते. माणूस काटेकोर, आणि त्याचा तोरा जरा जास्तच. "माझा रिपोर्ट कधी फिरला नाही," हे त्यांचं वाक्य चहावाल्यालासुद्धा पाठ होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी सुदेश भोईरचा पोलादाचा ठोकळा नापास केला. सुदेशची पलीकडच्या गल्लीत छोटी भट्टी. अणुभट्टीत लागणाऱ्या पोलादाचं काम त्याला पहिल्यांदाच मिळालं होतं. तिथे वर्षानुवर्षं न्यूट्रॉनचा मारा बसतो. पोलादातले अणू जागचे हलतात, आणि तांब्याचा अंश जास्त असला की त्या तांब्याचे बारीक पुंजके होतात. पोलाद कडक होतं, पण चिवटपणा जातो. ज्या धक्क्याने नुसतं वाकायचं, त्याने तडकतं. म्हणून तांबं ०.०८ टक्क्यापर्यंतच चालणार होतं. आकडा आला ०.१४.

नुसता कागद देऊन थांबतील तर ते लेले कसले! संध्याकाळी भट्टीवर जाऊन सगळ्या कामगारांसमोर त्यांनी सुदेशला झापलं, "जळक्या मोटारींचं तांब्याच्या तारांसकट भंगार टाकलंस ना? चोरी आहे ही! उद्या माणसं मरतील!"

सुदेशचा चेहरा उतरला. "आईशपथ, नाय टाकला काका." लेले ऐकायला थांबलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी अकराला तो ठोकळा भट्टीवरच गॅसकटरने कापायचा होता. नापास माल पुन्हा कोणाच्या गळ्यात मारला जाऊ नये, म्हणून तसा नियमच होता. गिऱ्हाईक कंपनीची इन्स्पेक्टर वैशाली त्यासाठी आली होती. एकदा कापला की सुदेशला हे काम पुन्हा मिळणं कठीण होतं.

पावणेअकराला लेले रिपोर्ट फायलीला लावत होते. सहज नजर शेवटच्या रकान्यावर गेली, जिथे एरवी कोणी बघत नाही. जस्त. पोलादात जस्त कुठून आलं? भट्टीच्या तापात ते टिकत नाही, धूर होऊन उडून जातं. म्हणजे ते नंतर लागलं होतं.

त्यांनी मान वर केली. कोपऱ्यात यंत्रपूजेची पितळी समई लखलखत होती. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. दरवर्षी सफाईवाल्या भीमाबाई ती चिंचेने घासायच्या. यंदा त्या रजेवर होत्या, आणि पूजेच्या घाईत समई नमुने घासायच्या सँडपेपरच्या फिरत्या पट्ट्यावर धरली होती ती खुद्द लेल्यांनी. सुदेशचा नमुनाही त्यांनी पितळ चिकटलेल्या त्याच पट्ट्यावर घासला होता.

गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं? असा विचार मनात आला, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. त्यांनी फोन लावला. सुदेशने उचलला नाही. कशाला उचलेल? अठ्ठावन्नाव्या वर्षी लेले भर उन्हात पळत सुटले.

कटरची ज्योत पेटली होती. "थांबा!" ते धापा टाकत ओरडले. "चूक माझी आहे!"

प्रयोगशाळेत नवा पट्टा चढवला, वैशालीसमोर नमुना पुन्हा घासला. तपासणीच्या यंत्रात नमुन्यावर ठिणगी पडली. लेल्यांना पडद्याकडे बघवेना.

"तांबं ०.०५," वैशालीने वाचलं. "जस्त नाही. पास."

लेल्यांनी जुन्या रिपोर्टवर 'रद्द, चूक माझी' असं लिहून सही केली आणि कागद सुदेशपुढे धरला. सुदेशने तो घेतला नाही.

"काल माझ्या माणसांसमोर बोललात ना, काका? मग आज पण तिथेच बोला."

भट्टीवर सगळे हातातलं काम टाकून उभे राहिले. "सुदेशने भंगार टाकलं नव्हतं," लेले म्हणाले. "मीच घाण पट्ट्यावर नमुना घासला."

सुदेशने पुढे होऊन भट्टीचा घरघरणारा पंखा बंद केला. "परत बोला. मागच्यांना ऐकू नाय आलं."

लेल्यांनी पुन्हा सांगितलं, या वेळी मोठ्याने.