पत्ता दोन ठिकाणी

भास्कर गेल्याचा फोन आला तेव्हा मी ठाण्याच्या ऑफिसात होतो. त्याची बहीण शालू म्हणाली, “दादा गेला रे. दुपारी खुर्चीत बसल्या बसल्याच…” पुढे तिला बोलवेना. मी “निघतोच” म्हणालो आणि रत्नागिरीला पोचायला काही आठवडे लावले. कारणं होती, पण कुणाला सांगावीत अशी नव्हती.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आम्ही दोघं रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला, मासळी गोठवण्याच्या एका कारखान्यात कामाला होतो. मी कारकून, तो कॉम्प्युटरवाला. यंत्र एकच, त्याला एसी. आम्हाला धड पंखा नाही. भास्करने मुंबईहून स्मॉलटॉक नावाच्या, आम्हाला नव्या अशा कॉम्प्युटरच्या भाषेच्या फ्लॉपी आणल्या होत्या. तिच्यात त्याने होड्यांचा एक शब्दकोश केला. शब्दाच्या जागी होडीचं नाव, अर्थाच्या जागी तिने आणलेल्या मासळीचं वजन. नाव विचारलं की वजन हजर. पण शब्दकोशातल्या नोंदींना क्रम नव्हता, आणि आमच्या शेठना जास्त मालाची होडी वर, अशी उतरती यादी हवी होती. म्हणून सगळं एका रांगेत, म्हणजे ॲरेत, उतरवणं भाग होतं.

त्याने ते एका ओळीत केलं आणि खुशीत कागद छापून शेठच्या पुढ्यात ठेवला. कागदावर नुसते आकडे. रांगेत वजनं तेवढी आली होती, नावं शब्दकोशातच राहिली होती.

“भास्कर, मासळी आली रे,” शेठ म्हणाले. “होड्या कुठं गेल्या? बुडवल्यास की काय?”

सगळे हसले, मीही हसलो. शेठ मात्र हसत नव्हते. “उद्या नीट कागद दाखव. आणि साफ केल्यावर माल किती उरतो, तेही शेजारी पाहिजे. नाहीतर हे यंत्र जाईल मुंबईच्या ऑफिसात, नि त्याच्या मागोमाग तू.”

भास्करला रत्नागिरी सोडणं शक्य नव्हतं. वडील नव्हते, शालू शाळेत, आई बाजारात मासळी विकायला बसायची. मुंबईचं नाव काढलं की म्हणायची, “तिकडं मी भांडू कुणाशी?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नाव आणि वजन अशा जोड्याच रांगेत उतरवल्या. होड्या परत आल्या! साफ करताना जाणारी घट वजनांतून वजा करायचं काम मी अंगावर घेतलं. रांग ही प्रतच, बिघडली तर बिघडली, असं समजून मी रांगेतली वजनं कमी केली. मग मूळ शब्दकोश उघडला तर तिथलीही कमी झालेली. मी भास्करला हाक मारली. शेठ अर्ध्या तासात येणार होते.

“बाबा रे,” भास्कर म्हणाला, “मी घर कुठं उचललं? पत्ता तेवढा दुसरीकडं लिहिला. इकडून शिरलास काय नि तिकडून काय, सामान एकच.” मग कपाळाला हात लावून स्वतःशीच, “तुला सांगायला हवं होतं रे…” सकाळची वजनं पुन्हा भरून त्याने रांगेसाठी प्रत्येक जोडी नव्याने बांधली. शेठनी कागद खालून वर वाचला, वरून खाली वाचला आणि चहा मागवला. यंत्र राहिलं. भास्करही राहिला.

गेलो मी. मुंबईत नोकरी, मग ठाण्यात घर. आईवडिलांच्या मागे रत्नागिरीत माझं कुणी उरलं नाही. तरी मला वाटायचं, माझ्याजवळ त्या दिवसांची एक स्वतंत्र प्रत आहे. तिकडे काहीही होवो, ती तशीच राहील. शालूच्या फोननंतर मी मिरजोळ्याची ती थंड खोली आठवू पाहिली. खोली दिसली, यंत्र दिसलं, भास्करची खुर्ची मात्र रिकामीच दिसत राहिली. मी कसली प्रत नेली होती? त्याचं असणं धरून होतो नुसता.

अखेर गेलो तेव्हा त्याची आई पडवीत बसली होती. आता फारसं दिसत नाही तिला. आवाजावरून ओळखलं. रडली नाही. मी काहीबाही बोलत राहिलो, यायला उशीर झाला म्हणालो. तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, “गाडी कितीची?”

मध्ये कधी आलोच, तर दर खेपेला मी तासाभरात उठायचो, हे तिला पाठ होतं. याही वेळी परतीचं तिकीट खिशात होतं.

“गाडी नाही,” मी म्हणालो.

“मग भास्कराच्या खोलीत पिशवी ठेव,” ती म्हणाली आणि आत हाक मारली, “शालू, भात वाढव गो. हा राहतोय.”