बाबा नावाची बाई

केरानाने गावातली चारशेच्या वर बाळंतपणं केली, पण तिला केराना म्हणणारं माणूस गावात उरलं नव्हतं. नवरा होता तोवर तो म्हणायचा. बाकी सगळ्यांची ती बाबा. बल्गेरियन माणूस आजीला बाबा म्हणतो आणि सुईणीलाही बाबाच म्हणतो. केराना दोन्ही होती. खालच्या आळीत तुर्क राहायचे. त्यांच्या घरात बाबा म्हणजे बाप, अगदी आपल्यासारखाच. तरी कुणी बाळंतीण अडली की तेही वरच्या आळीला धावत सुटायचे ते 'बाबाला बोलवा' असं ओरडतच.

जानेवारीत सुईणींचा सण असतो. गावातल्या लेकुरवाळ्या बायका साबण आणि टॉवेल घेऊन यायच्या, अंगणात केरानाच्या हातांवर पाणी घालायच्या आणि मग घरात बसून वाईन आणि वात्रटपणा चालायचा. तुर्कांचा हा सण नव्हे, पण खालच्या आळीतल्या बायकाही बाकलावा मिठाईचं ताट घेऊन हजर. त्यात नेफिझे सगळ्यांत पुढे. तिची आई बाळंतपणातच गेली होती. केरानाने या पोरीला थापट्या मारून रडवलं, महिनाभर शेळीच्या दुधावर जगवलं. केरानाला स्वतःची मुलगी नव्हती, तेव्हा तिने हीच आपली मानली.

"आमचे बाबा मिशीवाले, तुमची बाबा डोईला रुमालवाली," नेफिझे चिडवायची. "मग घरात चालतं कुणाचं?"

"जिच्या हातात गरम पाण्याची किटली तिचं."

शाळेतल्या वेलिन मास्तरांना शब्दांचा भारी नाद. एका सणाला ते बायकांच्या घोळक्यात घुसून शिकवायला लागले. "हंगेरीत तान्ह्या बाळाला बाबा म्हणतात, बाहुलीलाही म्हणतात. रशियात कुठलीही खेडवळ बाई बाबा. तुर्कांचा बाप बाबा, आणि त्या टेकडीवर पुरलेला फकीर, तोही बाबाच. पंडितांनी या शब्दाचं मूळ शोध शोध शोधलं. मूळच नाही. लेकरू ओठ मिटतं, उघडतं, परत मिटतं, उघडतं. जवळ जो उभा असेल तो म्हणतो, मलाच हाक मारली!"

"हे मला विचारायचं होतंत, मास्तर," केराना म्हणाली. "ते कुणालाच हाक मारत नसतं. त्याला भूक लागलेली असते."

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या जानेवारीत वरून सरकारचा हुकूम आला. तुर्कांनी आपली नावं टाकायची आणि बल्गेरियन नावं घ्यायची. यादी टाइप होऊन आली होती, त्यातलं एक निवडायचं आणि सही करायची. रस्त्यात तुर्की बोललं तर दंड. सणाला आठवडा असताना सरपंच डोचेव सकाळीच येऊन केरानाच्या शेगडीजवळ बसला. त्याचे दोन्ही मुलगे तिच्याच हातचे.

"बाबा, शिपायांना दारं फोडायचा हुकूम आहे. तू हाक दिलीस तर फोडावी लागणार नाहीत."

"मी नाही आले तर?"

"तर फुटतील. बाहेर बर्फ बघ किती आहे. आत लेकरंबाळं आहेत."

केरानाने बूट घातले. तिला वाटलं, व्हायचं ते होणारच, निदान दारं तरी वाचतील. असं वाटणारी भली माणसंच अशा कामाला सापडतात. ती पुढे, शिपाई भिंतीला चिकटून मागे. ती कडी वाजवायची. आतून "कोण?" "मी, बाबा." दार लगेच उघडायचं. कुणी तिला आत ये म्हणालं, कुणी विचारलं, "कुणाचे दिवस भरले?" दुपारपर्यंत सत्तावीस घरं झाली.

अठ्ठाविसावं नेफिझेचं. तिला आठवा संपत आला होता. दार तिनेच उघडलं आणि मागचे शिपाई दिसल्यावर केरानाकडे नुसती बघत राहिली. नवरा रेजेप सही करीना. त्याला अंगणात पाडून बुटांनी मारलं आणि गाडीत घातलं. त्यांची सहा वर्षांची मुलगी गाडीमागे "बाबा, बाबा" करत धावली. शिपायाने तिचा दंड धरला. "तुर्की बोलतेस?"

"मला हाक मारतेय ती," केराना म्हणाली.

मुलीने तिच्याकडे वळून पाहिलं आणि ती गप्प झाली.

सणाला खालच्या आळीतून कुणी आलं नाही. वरच्या आळीतल्या आल्या, भराभर पाणी घालून गेल्या, वाईनची बाटली तशीच राहिली.

फेब्रुवारीत बर्फाने दवाखान्याचा रस्ता बंद होता, तेव्हा नेफिझेचा सासरा इद्रिस कुंपणाशी येऊन उभा राहिला. "आडवं आलंय," एवढंच बोलला. केराना पळत गेली. पाच तास झटली. नेफिझेने तिचा हात पकडला, ओरडली, सांगेल तसं केलं, पण बोलली नाही. मूल जगलं. मुलगा. केरानाने त्याला गुंडाळून आईच्या कुशीत दिलं आणि म्हाताऱ्याकडे पाहिलं. बाळाच्या कानात नाव सांगायची वेळ होती. दरवेळी ते नाव आईबापानंतर पहिलं तिला कळायचं.

"बाबा," नेफिझे म्हणाली, "तू जरा बाहेर थांब."

"बाहेर?"

"त्याचं नाव तू ऐकलेलं नको. तुला विचारलं तर तू सांगशील."

केराना उठली. अंगणात जाऊन उभी राहिली. आपण सांगितलं नसतं असं तिला म्हणायचं होतं, पण ते खरं की खोटं हे तिचं तिलाच ठरवता येईना. या पोरीला तिने स्वतःच्या हातांनी जगवलं होतं, आणि पोरीचा हिशेब बरोबर होता. दार आतून लागलं.

कागदावर मुलगा यादीतला आसेन झाला. चार वर्षांनी उन्हाळ्यात तुर्कस्तानची सरहद्द उघडली आणि खालची आळी गाद्या-भांड्यांसकट ट्रकमध्ये चढली. तुरुंगातून सुटलेला रेजेप टपावर दोर आवळत होता. केराना काठी टेकत तिथवर गेली.

"आता तरी सांग, नेफिझे. काय नाव ठेवलंस?"

नेफिझे वाकली, म्हातारीच्या दोन्ही हातांवर ओठ टेकवले. "सरहद्द ओलांडली की पत्रात कळवीन."

ट्रक गेला. पोस्टमन त्यानंतर केरानाच्या दारात दोनदा आला, दोन्ही वेळा पेन्शन घेऊन. तिसऱ्यांदा आला तेव्हा दार उघडायला आत कुणी उरलं नव्हतं.