मामांनी बांधलेल्या वायरी

कुठंही मोकळी लोंबणारी वायर दिसली की आमच्या मामांना चैन पडायचं नाही. एका लग्नात हा माणूस भरल्या ताटावरून उठून मांडववाल्याच्या वायरी बांधायला गेला, आणि मामी कपाळाला हात लावून बसली. सिकंदराबादला रेल्वेच्या सिग्नल खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. तिथं वायरींची जुडी मेण लावलेल्या दोऱ्यानं, वीत वीत अंतरावर गाठ मारून बांधायची पद्धत. रिटायर झाले, खातं सुटलं, दोरा काही सुटला नाही. बेगम बाजारातून रीळ आणायचे आणि घरी त्याला मेण चोळत बसायचे.

नात्यातल्या सगळ्यांचे कॉम्प्युटर तेच जोडायचे. अंबरपेठेत माझा लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचा छोटासा धंदा आहे, तिथली मशीनही त्यांच्याच हातची. झाकण काढलं की आत वायरी अशा चापूनचोपून, जणू तेल लावून घातलेली वेणी. "वायर काटकोनात वळली पायजे, बाई," म्हणायचे. "सैल वायर आणि सैल जीभ, दोन्ही घात करतात." दुसरा टोमणा माझ्यासाठी असायचा, हे सांगायला नको.

पण कनेक्टर बदलले. नव्या ग्राफिक्स कार्डाला पूर्वीसारखे दोन-तीन जाडजूड प्लग लागत नाहीत. एकच आटोपशीर प्लग, बारीक पिनांचा, आणि सगळा भार त्याच्यावर. पॉवर सप्लायही त्याच नव्या पद्धतीचा. मामांनी तो हौसेनं बसवला आणि सवयीनं वायर प्लगच्या तोंडाशीच वळवून आवळून टाकली. तशी वळवली की आत पिना तिरक्या बसतात, एखादीवरच सगळा ताण येतो आणि ती तापत जाते. वळवू नका, असं खोक्यातल्या कागदावर छापलेलं होतं. मामा म्हणाले होते, "कागद नवशिक्यांसाठी असतो."

भर लग्नसराईत माझ्या मशीनमधून करपल्याचा वास आला. प्लग वितळून कार्डाला चिकटला होता. मी संतापले, तोंडाला येईल ते बोलले. मामा चष्मा कपाळावर ढकलून त्या वाकलेल्या वायरीकडे बघत राहिले, आणि बघता बघता त्यांचा चेहरा उतरला. "असंच मी सगळ्यांकडे बांधलंय गं," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून माणूस वेडापिसा झाला. कात्री घेऊन घरोघर फिरायचे, स्वतःच्याच गाठी कापायला. बाकीच्यांनी कापू दिल्या. माझ्या थोरल्या मावसबहिणीनं, सुमनअक्कानं, मात्र दारातच अडवलं. तिची मुलगी आपल्या खोलीत दिवसभर मामांनीच जोडलेल्या मशीनवर कार्टूनचं काम करते.

"चालतंय ना मामा. एक जाळलीत ती पुरे," अक्का म्हणाली.

"आग लागेल पोरी. नुसतं झाकण उघडू दे," मामांनी हात जोडले.

"नक्को म्हटलं ना. परेशान करू नका."

मग ते रोज तिच्या बिल्डिंगखाली जाऊन उभे राहायला लागले. भर उन्हात, वरच्या खिडकीतून धूर येतोय का बघत. वॉचमन हाकलायचा, हे पुन्हा जायचे. जेवण सुटलं. घरी आले की एकच जप, "उघडलं का तिनं?" मी अक्काला फोन करून थकले, ती विषय बदलायची. माझा जीव तुटत होता, पण मामांना घरात बसवणं कुणालाच जमेना.

शेवटी तिथंच चक्कर येऊन पडले. हृदय पार थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. शुद्धीवर आले तेव्हा माझं मनगट धरलं. "तू जा. तुझं ऐकेल ती." मी तशीच ऑटोनं सिकंदराबादला अक्काच्या घरी गेले, तिच्याशी कडाकडा भांडले आणि झाकण उघडलं. प्लग एका बाजूनं काळा पडून मऊ झाला होता. अक्कानंच मशीनची वायर भिंतीतून उपटली.

मी धावतच दवाखान्यात परतले. आता तरी त्यांना बरं वाटेल, अशी माझी भाबडी आशा.

"मामा, तुमचं खरं निघालं. काढून टाकला तो प्लग. पोर सुखरूप आहे."

"वितळायला लागला होता?"

"हौ मामा. तुम्ही म्हणत होता तसाच."

मामा रडायला लागले. आमच्या घरात त्यांना रडताना कुणी पाहिलेलं नव्हतं. "पोरीच्या उशाशी ठेवला होता गं मी तो," म्हणाले. मी त्यांचे हात हातात घ्यायला गेले, तर त्यांनी ते सोडवून घेतले आणि चादरीखाली लपवले. दुसऱ्या दिवशी मामा गेले, तेव्हाही हात चादरीखालीच होते.