तुमचं काय गेलं?

मला एका जागी बसवतच नाही. नागपूरच्या हायकोर्टात त्या सकाळी तर मी व्हरांड्यात इतक्या चकरा मारल्या, की शिपाई वैतागला. "ताई, बसा ना हो!" कशी बसू? खटल्याचं खूळ माझं होतं, पण नाव बाबांचं होतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मे महिन्यात ऊन लागून माय गेली. जाम गावात आमचं किराणा दुकान, वर घर, त्यावर गच्ची. कुरडया वाळत घालायला ती गच्चीवर गेली अन् तिथंच पडली. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवायचे. गाड्या-कारखान्यांच्या धुरानं हवा तापते, हे पोरांना फळ्यावर सांगून सांगून माझं डोकं भणाणलं. म्हटलं, सरकारनं धुरावर नियम केलाच पाहिजे.

याचिका करायला मी वकील गाठले. ते म्हणाले, "कोर्ट आधी विचारेल, तुमचं स्वतःचं काय गेलं? तुम्ही तर सासरी, पिपरी मेघेत. त्या घरात राहून आजही ते ऊन सोसणारा माणूस आणा." म्हणून बाबा.

सरकारी वकील उठले. "ऊन सगळ्यांनाच लागतं. यांचं वेगळं काय?" न्यायमूर्तींनी बाबांकडे पाहून आपुलकीनं विचारलं, "काका, तुम्हाला काय त्रास होतो?"

बाबांनी हात जोडले. "काही त्रास नाई साहेब. देवाच्या दयेनं सगळं बरं आहे."

अरे देवा! गिऱ्हाईक असो की पाहुणा, कोणी विचारलं की आमच्या घरचं हेच उत्तर. मायच्या तेरवीला आलेल्यांनाही त्यांनी हेच सांगितलं होतं. आमच्या वकिलांनी घाईघाईनं मायच्या मरणाचा कागद वाचला, पण सरकारी वकिलांना आयतंच सापडलं होतं. ज्याला त्रासच नाही, त्याचं काय ऐकायचं? याचिका फेटाळली.

एसटीत मी बुटीबोरीपर्यंत तणतणत होते. "बाबा, तुमी असं काऊन बोलले? माय गेली, एवढंच सांगायचं होतं ना!"

ते खिडकीबाहेर पाहत होते. जाम जवळ आलं तेव्हा म्हणाले, "अन् त्यायनं विचारलं असतं, भर दुपारी गच्चीवर कशाले गेली, तर?"

"तर सांगायचं!"

"तुही माय म्हणे, आज लई तपून राह्यलं, कुरडया उद्या घालू. मीच म्हटलं, आजच घाल."

गाडी थांबली. कंडक्टरनं दोनदा हाक मारली. मला उठवेना.