कपाटाचा मालक कोण?

माझ्या मामाचं कुलपांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन इमारतींच्या मधली खाच. आत गेलेल्या गिऱ्हाइकाला बाहेर येताना पाठमोरंच यावं लागे. भिंतीवर खिळ्याखिळ्याला कोऱ्या चाव्या लटकलेल्या, फळीवर कानशींचा ढीग, आणि सगळ्यात वर, हाताला लागेल अशी, एक जाड वही. त्या वहीला मामा माझ्यापेक्षा जास्त मान देतो, असं मामी म्हणायची. मामानं ते कधी नाकारलं नाही.

वहीचा नियम साधा होता. कुलूप कोणाचंही असो, उघडण्याआधी मालकानं वहीत सही करायची. सही नाही तर काम नाही. एकदा एक गृहस्थ तणतणत आले, घराला आतून कडी-कुलूप लागलंय, ताबडतोब चला म्हणाले. मामा गेला. दारावर टकटक करून त्यानं विचारलं, "आत कोणी आहे का?"

"आहे," आतून बाईचा आवाज आला.

"ताई, उघडू का?"

"मुळीच नको."

मामानं हत्यारं पिशवीत भरली आणि तो पायरीवर बसला. "अहो, घर माझं आहे!" गृहस्थ ओरडले. "असेल," मामा म्हणाला, "पण आतलं माणूस नको म्हणतंय." दोन तास दोघं पायरीवर बसले. शेवटी बाईंनीच दार उघडलं आणि चहा दिला. फक्त मामाला.

असा हा माणूस. त्याला एके दिवशी नगरपालिकेची नोटीस आली. दुकानपट्टी वाढवण्यात आली आहे, अमुक तारखेपर्यंत भरावी, न भरल्यास दुकानास सील ठोकण्यात येईल. मामानं नोटीस तीनदा वाचली. पट्टी काही फार नव्हती, मामीच्या महिन्याच्या किराण्यापेक्षाही कमी. पण त्याला आकडा टोचलाच नव्हता.

"मला विचारलं कोणी?" तो म्हणाला. "मी कुठे सही केली?"

मामाचं अक्षर त्याचं त्यालाही लागत नसे, म्हणून पत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात आलं. मी तेव्हा शाळेत शिकवत होते आणि सुट्टी लागली होती. मामानं सांगितलं तसं लिहिलं. प्रश्न तीन होते. माझ्या खिशाचं कुलूप तुम्ही कोणाला विचारून उघडता? काढलेल्या पैशाचं काय करता? आणि मला नको म्हणायचं असेल तर ते कुठे म्हणायचं?

मामी तिथेच भाजी निवडत बसली होती. "अहो, नळाचं पाणी पिता ना?" ती म्हणाली. "रस्त्यानं चालता ना? मग झालं तर!"

"ते मी मागितलं नव्हतं. मी जन्मलो तेव्हा ते होतंच. समज, शेजारणीनं तुला न विचारता तुझं अंगण झाडलं आणि मग दारात येऊन पैसे मागितले, तर देशील?"

"झाडलं असेल तर देईन की. आपली गल्ली तर चार महिन्यांत कोणी झाडलेलीही नाही." मामीनं देठ मोडला. "आणि एवढंच वाटतं तर उद्यापासून नळाचं पाणी पिऊ नका."

मामा खरंच प्यायला नाही. सकाळी सहापासून दुपारी साडेबारापर्यंत. मग मामीनं त्याच्यासमोर तांब्या आदळला आणि तो विषय तिथे संपला.

पत्राला उत्तर आलं नाही. मामानं पट्टी भरली नाही. दुसऱ्या वर्षी पुन्हा नोटीस, पुन्हा पत्र, पुन्हा शांतता. तिसऱ्या वर्षीचं पत्र मी जरा सौम्य करायला गेले, तर मामा म्हणाला, "तू मास्तरीण आहेस. मुलानं प्रश्न विचारला तर छडी दाखवतेस का?" मला आदल्याच दिवशी वर्गात एका मुलाला गप्प बसवल्याचं आठवलं आणि मी गुपचूप लिहिलं.

त्यानंतर महिन्याभरात नगरपालिकेचा शिपाई कुलूप घेऊन हजर झाला. मामानं त्याला बसायला स्टूल दिलं, हत्यारांची पिशवी आणि वही बाहेर काढली आणि दुकानाचं दार ओढून घेतलं. शिपायानं कडीत कुलूप अडकवलं. मामानं ते हातात घेऊन वजन केलं.

"हे आणलंत? अहो, कोणी जवळ उभं राहून शिंकलं तरी उघडेल हे. थांबा, चांगलं देतो."

"काका, मला हेच लावायला सांगितलंय," शिपाई कसनुसा होऊन म्हणाला. त्याच्या स्वतःच्या घराचं कुलूपही मामाच्याच हातचं होतं.

गंमत पुढे आहे. ते कुलूप उघडायला मामाला केसांतल्या आकड्यानं फार तर सात सेकंद लागले असते. अख्ख्या गल्लीला हे ठाऊक होतं. पण मामा अकरा दिवस आपल्याच दुकानाबाहेर फुटपाथवर पिशवी मांडून बसला. कुलूप नगरपालिकेचं, मालकाची सही नाही. येणारे-जाणारे थांबून हसायचे. मामी रोज डबा घेऊन यायची आणि रोज तेच म्हणायची, "उघडा ना मेलं ते!" मामा डबा उघडायचा.

बाराव्या दिवशी दुपारी तोच शिपाई धावत आला. नगरपालिकेच्या दप्तरातलं मोठं लोखंडी कपाट अडकलं होतं. चावी कुलपात फिरता फिरता मोडली, अर्धी आत राहिली. सगळे दाखले, सगळे शिक्के कपाटात. बाहेर लोकांची रांग. गावातला दुसरा चावीवाला येऊन कपाळाला हात लावून गेला होता.

मी दुकानासमोरच होते. मामाच्या मागोमाग निघाले, कारण असा प्रसंग सोडायचा म्हणजे मूर्खपणाच.

दप्तरात मुख्याधिकारी साहेब घाम पुसत उभे होते. नवीन होते, तीन महिनेही झाले नव्हते. शेजारी करविभागातल्या बाई, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, वीस वर्षं त्याच खुर्चीत. मामानं कुलपात डोकावून पाहिलं, बोटानं मोडकी चावी चाचपली आणि वही उघडली.

"अर्ध्या तासाचं काम आहे. मालक कोण? सही लागेल."

"मालक? कपाट नगरपालिकेचं आहे," साहेब म्हणाले. "आणा, मी सही करतो."

"तुम्ही मालक?"

"मी मुख्याधिकारी आहे."

"बदली झाली की कपाट बरोबर नेणार?"

"कसं नेईन?"

"म्हणजे तुम्ही राखणदार. राखणदाराच्या सहीवर मी कुलूप उघडत नाही. उद्या कोणाचाही वॉचमन मला बोलावून नेईल."

साहेब लाल झाले. त्यांनी नगराध्यक्षांना फोन लावला, थोडं ऐकलं, मग फोनवर हात ठेवून म्हणाले, "अध्यक्ष म्हणतात, त्यांना लोकांनी निवडून दिलंय, त्यांची सही चालेल."

"ज्यांनी निवडून दिलं ते मालक, मग निवडून आलेले कोण? तेही राखणदारच. जरा मोठे."

करविभागातल्या बाईंनी चष्मा लावला. "मग मालक लोक, असंच ना? तुम्ही लोकांतले ना? करा सही आणि उघडा."

मामा अडकला. मी त्याला इतका अडकलेला कधी पाहिला नव्हता. सही करावी तर कपाट त्याचं, आणि कपाट त्याचं तर त्याच्या डागडुजीची पट्टी कोण भरणार? न करावी तर पिशवी उचलून घरी जावं. तो स्टुलावर बसला आणि वहीकडे बघत राहिला.

रांगेत पुढे एक म्हातारी होती. "अरे बाबा," ती म्हणाली, "माझा पेन्शनचा कागद आत आहे. मी करते सही. आण इकडे."

तिनं अंगठा उठवला. मागच्या तरुण बाईला बाळाच्या जन्माचा दाखला हवा होता, तिनं सही केली. मग एक गवंडी, एक ड्रायव्हर, दोन बहिणी, आणि जागेचा नकाशा हवा असलेले आमच्याच शाळेचे हेडमास्तर. वही हातोहात फिरली. तेवीस सह्या झाल्या. मामाचा चेहरा उजळला. तो उठला, पकड हातात घेतली.

"मी नाही करत सही," रांगेच्या शेवटचा माणूस म्हणाला. काखेत छत्री होती, मुद्रा त्रासलेली.

"का हो?"

"मला एवढी वर्षं कोणी काही विचारलं नाही. आताच का विचारता? नाही उघडायचं माझं कपाट. मी तर इथे संडास कुठे आहे ते विचारायला आलो होतो, अर्धा तास रांगेत उभा आहे."

लोक हसले. मामा हसला नाही. त्याला नियम मोडायचा नव्हता. तो त्या माणसापाशी गेला, समजावू लागला. आजीचं पेन्शन आहे, बाळाचा दाखला आहे. छत्रीवाला ढिम्म. "आजी आजीचं बघतील. माझी संमती नाही." पाच मिनिटं गेली. मामाचा आवाज चढला.

"अहो, तुमच्या एकट्याच्या हट्टापायी तेवीस माणसं ताटकळत ठेवायची का?"

करविभागातल्या बाई चष्म्यावरून मामाकडे बघत होत्या. मामाच्या कानाच्या पाळ्या तांबड्या झाल्या. मी खिडकीबाहेर बघत हसू दाबलं.

मग मामानं वही माझ्या हातात दिली. "लिही," म्हणाला. "या गृहस्थांचा नकार आहे. कारण, त्यांना आजवर कोणी विचारलं नाही. कारण खरं आहे." मी लिहिलं. मामानं ते छत्रीवाल्याला मोठ्यानं वाचून दाखवलं. "बरोबर आहे का?"

छत्रीवाला चक्रावला. "बरोबर आहे," तो म्हणाला. "पण..."

"पण कपाट उघडणार आहे. तुमचं म्हणणं वहीत राहील, आणि कोणी विचारलं तर मी उत्तर देईन. एवढंच मला जमतंय. आणि संडास डाव्या हाताला, जिन्याखाली."

चोविसावी सही मामानं स्वतःची केली. मग बारीक आकड्यानं मोडकी चावी बाहेर ओढली, दोन खटके दाबले, आणि कपाटाचं दार करकरत उघडलं.

साहेब शिक्क्यांवर झडप घालायला निघाले तर बाईंनी त्यांना हातानं थांबवलं आणि खालच्या कप्प्यातून एक फाइल काढली. त्यात माझ्या अक्षरातली तिन्ही पत्रं होती. प्रत्येकाला टाचणीनं एक कागद लावलेला.

"ही काय?" मामानं विचारलं.

"उत्तरं," बाई म्हणाल्या. "दरवर्षी लिहिली. दरवर्षी वरच्यांनी सही केली नाही. अशा प्रश्नाला उत्तर द्यायची पद्धत नाही म्हणाले."

बाईंचं अक्षर इतकं बारीक होतं की मामाला लागेना, मी वाचलं. 'आपल्या पहिल्या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर माझ्यापाशी नाही. मलाही कोणी विचारलं नव्हतं आणि माझ्या पगारातूनही कापतात. दुसऱ्याचं आहे: आपल्या गल्लीतल्या गटारावर यंदा अमुक खर्च झाला, दवाखान्यावर अमुक, आणि अध्यक्षांच्या खोलीतल्या पडद्यांवर अमुक, जो व्हायला नको होता. तिसऱ्या प्रश्नाबद्दल एवढंच सांगते, की नको म्हणायला जागा असायला हवी. सध्या ती ही फाइल आहे.'

साहेब पडद्यांच्या ओळीपाशी खाकरले.

"आता तुम्ही सही करणार का?" मामानं त्यांना विचारलं. "इथे राखणदाराचीच लागते."

रांगेतली तेवीस माणसं कान टवकारून उभी होती. साहेबांनी पेन काढलं.

मामानं त्याच दिवशी तीन वर्षांची पट्टी भरली आणि शिपायानं येऊन दुकानाचं कुलूप काढलं. कपाट उघडल्याची मजुरी साहेब पट्टीतून वळती करू म्हणाले, तेव्हा तो भडकला. "मजुरी ठरवून घेतलेली आहे आणि पट्टी न ठरवता. दोन्ही एकत्र करू नका." मजुरी त्यानं एका खिडकीवर घेतली आणि पट्टी दुसऱ्या खिडकीवर भरली. मामीला हे सांगितलं तर ती म्हणाली, मधल्या मध्ये मला दिली असतीत तर काय बिघडलं असतं?

पट्टीबरोबर दरवर्षी एक पत्र जाऊ लागलं आणि उलट टपाली उत्तर येऊ लागलं. साहेबांची बदली झाल्यावर एक वर्ष उत्तर आलं नाही, तर मामानं पट्टी थांबवली. पंधरा दिवसांत उत्तर आलं. पुढे बाईंनी खटपट करून दर वाढवण्याआधी सभागृहात खुली बैठक ठेवायला लावली. पहिल्या बैठकीला एकोणतीस माणसं आली, त्यातली निम्मी पंख्याखाली बसायला.

विषय होता, गटारांना झाकणं बसवण्यासाठी दुकानपट्टीत वाढ. मामा पस्तीस मिनिटं बोलला. मग मामी उठली. ती येणार हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं. "मागल्या महिन्यात माझा पाय गेला उघड्या गटारात," ती म्हणाली आणि बसली. हात वर करायला सांगितले. मामा दोन मतांनी हरला.

घरी जाताना तो चांगलाच घुश्शात होता. "तू माझ्याविरुद्ध हात वर केलास?"

"केला."

"घरात सांगायचंस तरी आधी."

"तुम्ही विचारलंत कुठे?" मामी म्हणाली, आणि खड्डा चुकवण्यासाठी तिनं त्याचा हात धरला.