पेवाच्या तोंडाशी कंदील

मामा कंदील कानाशी धरून हलवायचे. आत रॉकेल किती आहे ते डोळ्यांनी बघायची त्यांना गरज नव्हती, ते ऐकायचे. आवाज मनासारखा आला की काचेवर धोतराचा सोगा फिरवायचा, वात चिमटीने वर करायची आणि भर उन्हात, डोक्यावर सूर्य असताना, कंदील पेटवायचा. मग सगळ्यांकडे एकदा बघून म्हणायचे, "चला, इचारून बघू."

कुणाला विचारायचं आणि काय विचारायचं, हे मला कळायला सहा महिने लागले.

मी तेव्हा सांगलीत हळदीच्या एका अडतीवर दिवाणजी होतो. साताऱ्याला इंग्रजी चार यत्ता शिकून आलेलो, अंगात शहाणपणाचा तोरा भारी. सगळा बाजार ज्यांना मामा म्हणायचा, ते आमच्या अडतीची पेवं उघडायचे. ज्यांनी पेव पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. नदीकाठच्या जमिनीत दोन-तीन पुरुष खोल खड्डा खणतात, तोंडाशी अरुंद आणि खाली पसरट. आतून पाचट लावतात, हळद भरतात, वर फरशी टाकून मातीने लिंपून घेतात. वर्ष-दोन वर्षं हळदीला ना कीड ना ओल. पण बंद पेवात हवा कोंडते आणि ती माणूस मारते. तिला वास नाही, रंग नाही. माणूस दोराला धरून हसत खाली उतरतो आणि तळाशी मटकन बसतो, तो बसतोच. म्हणून पेवाचं तोंड सहा-सात तास उघडं ठेवायचं आणि मग दोरीने कंदील आत सोडायचा. जळत राहिला तर उतरायचं, विझला तर थांबायचं. एवढा एकच नियम, आणि तो पाळून घ्यायचं काम मामांचं.

"माज्या दोरावनं खाली गेल्याला मानूस माज्या दोरावनंच वर आला पायजे," असं ते म्हणायचे. वीस वर्षांत तसंच झालं होतं.

मामा मूळचे वडूजकडचे. पाऊस आला तर आला, नाहीतर नाही, असा तो मुलूख. तिकडून नवरा-बायको आणि कडेवरचं पोर अशी तिघं सांगलीला आली आणि पेवांच्या कडेलाच खोपट बांधून राहिली. शिंगणापूरचा शंभू महादेव मामांच्या तोंडी चोवीस तास. मी एकदा त्यांना छेडलं, "मामा, एवढं महादेव महादेव करता, मग त्याच्यावर भरवसा ठेवून उतरा की. कंदील कशाला?"

मामांनी एक डोळा बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "आवं दिवाणजी, भरवसा हाय म्हनून तर इचारतो. ज्याच्यावर भरवसा न्हाई त्याला कोन इचारतंय?"

"आणि तो सांगतो?"

"सांगतो की. जळला म्हंजे व्हय, इझला म्हंजे न्हाई. आपुन इचारायचं सोडायचं न्हाई. त्यो सांगायचं सोडत न्हाई."

मी हसलो. तेव्हा मला सगळ्याचंच हसू यायचं.

आणि हसण्यासारखं होतंच हो! वडूजला जायचं तर मोटार सकाळी आठला सुटायची, आणि मामा आदल्या संध्याकाळी स्टँडवर गाठोडं घेऊन हजर. मी म्हटलं, "मामा, चुकली तर चुकली, परवा दुसरी आहे." तर म्हणतात कसे, "आनि परवाची चुकली तर?" चैत्रात डोक्यावर घोंगडं, पाऊस आला तर म्हणून. जेवताना शेवटची चतकोर भाकरी फडक्यात बांधून ठेवायची, वाटेत कोण भेटेल सांगता येत नाही म्हणून. आणि एवढं सगळं करून प्रत्येक बोलण्याच्या शेवटी, "म्हादेवाची मर्जी आसंल तर." एकदा मामींना म्हणाले, "संध्याकाळी दोन भाकरी जास्ती थाप, त्याची मर्जी आसंल तर." मामी चुलीपुढून म्हणाल्या, "त्याची मर्जी हाय. पीठ न्हाई."

कहर म्हणजे खोपटामागची लाकडं. बाभळीची, नीट कापून, पावसाचं पाणी लागू नये म्हणून दगडांवर रचलेली. मला वाटलं जळण. मामा अगदी सहज म्हणाले, "न्हाई, माजं सरन हाय त्ये. ऐन पावसात गेलो तर पोरानं वाळकी लाकडं कुठनं आनायची?" मामी त्या लाकडांवर मिरच्या वाळत घालायच्या. कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं.

पोरगं म्हणजे म्हादू. एकुलता एक, बावीस वर्षांचा, छातीने रुंद, तोंडाने खट्याळ. दोन मणांचं पोतं पाठीवर घेऊन शीळ घालत चालायचा. रहिमतपूरची मुलगी त्याच्यासाठी ठरली होती. लग्नाला चार महिने अवकाश, पण मामांनी खोपटाला लागून दुसऱ्या खोलीच्या भिंती कधीच उभ्या केल्या होत्या. पेवात उतरायचं काम म्हादूचं, वर दोर मामांच्या हातात. तो उतरला की वर येईपर्यंत मामा कुणाशी बोलत नसत. मी काही विचारलं तर नुसता हात वर करायचे, थांबा म्हणून.

लढाईचे दिवस होते. रॉकेल कार्डावर मिळायचं, तेही मिळालं तर. मामा घरातली चिमणी विझवून ते तेल कंदिलात ओतायचे. मामी बाजारात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायच्या, "आमच्या घरात अंदार आनि पेवात दिवाळी!" पण बाटली स्वतःच आणून द्यायच्या.

त्या दिवशीची गोष्ट सांगायची माझी इच्छा नाही. पण ती गाळली तर मामा कोण होते ते तुम्हाला कळणार नाही, आणि मी कोण होतो तेही.

एक पेव अर्धं रिकामं करून पुन्हा बंद केलेलं होतं. त्यातली हळद त्याच दिवशी स्टेशनवर पोचायला हवी होती, कारण रेल्वेचा डबा महिनाभर खटपट करून मिळालेला. गाड्या जुंपून उभ्या होत्या. मामांनी पहाटे फरशी काढली. मग कंदील कानाशी धरून हलवला आणि त्यांचा चेहरा उतरला. आवाजच नव्हता. घरची बाटलीही कोरडी. "मी रांगेत हुबा ऱ्हातो, तेल घिऊन येतो," म्हणाले. "मी येस्तवर कुनी उतरायचं न्हाई. म्हादू, आयकलंस न्हवं?"

"आयकलं, आबा," म्हादू म्हणाला.

मामा गेले. दोन तास झाले, चार झाले. ऊन चढलं. गाडीवाले कुरकुरायला लागले. मालकाचा माणूस दोनदा येऊन माझ्यावर डाफरून गेला. मी घड्याळ बघत फेऱ्या घालत होतो. शेवटी मी म्हणालो, होय, मीच म्हणालो, "म्हादू, पाच तास झाले तोंड उघडून. आता काय डोंबल राहिलंय आत? मामांचं काय, ते उन्हातसुद्धा कंदील लावून बसतील."

म्हादू हसला. बापाच्या कंदिलावर तोही हसायचा. पेवाच्या तोंडाशी वाकून त्याने आत हाळी घातली, उगाच, गंमत म्हणून. मग दोर कमरेला न बांधता नुसता हाताने धरला आणि उतरला. मधे एकदा वरून कुणीतरी विचारलं, "काय रं गड्या?" तर "लय गार हाय," असं उत्तर आलं. त्यानंतर दोर सैल पडला.

आम्ही हाका मारल्या. आधी थट्टेने, मग घाबरून. दोन हमाल, दोघेही त्याचे जिवाचे दोस्त, धोतर खोचून उतरायला पुढे झाले. तेवढ्यात वाटेवरून मामा येताना दिसले. हातात भरलेली बाटली. गर्दी बघून ते पळाले नाहीत. जवळ आले, दोर बघितला, माझ्या तोंडाकडे बघितलं, आणि खाली बसून कंदिलात रॉकेल ओतायला लागले. एक थेंब बाहेर सांडला नाही.

"मामा, अहो म्हादू आत आहे!" मी ओरडलो.

"ठावं हाय," ते म्हणाले, आणि कंदील आत सोडला. दोन हात खाली गेला असेल, विझला.

दोस्तांतला एकजण पेवात पाय सोडून बसलाच होता. मामांनी त्याचं बखोट धरून त्याला मागे फेकलं. साठीच्या माणसात एवढं बळ कुठून आलं, कोण जाणे. पेवाच्या तोंडावर दोन्ही पाय फाकवून ते उभे राहिले. "कुनी उतरायचं न्हाई."

"मामा, तुमचं पोरगं हाय त्ये!"

"माजंच हाय. म्हनून मी सांगतोय. कुनी उतरायचं न्हाई. घोंगडी आना, पानी आना."

घोंगड्या दोराला बांधून पेवात वरखाली केल्या, घागरीवर घागरी पाणी ओतलं. मामांनी पुन्हा कंदील पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा विझला. तो विझताना त्यांच्या घशातून जो आवाज आला तो मी जन्मात विसरणार नाही. तरीही ते बाजूला झाले नाहीत. मामी धावत आल्या, त्यांच्या पाठीवर मुठी मारत राहिल्या, "सोडा, मला तरी जाऊ द्या." त्यांनाही जाऊ दिलं नाही.

तिसऱ्या वेळी कंदील जळत राहिला. मामांनी दोर स्वतःच्या कमरेला बांधला, "शंभू म्हादेवा" म्हणाले आणि म्हाताऱ्याने आपला मुलगा स्वतः वर आणला.

उशीर झाला होता. कधी झाला होता, पहिल्या विझण्याआधी की नंतर, हे डॉक्टरलाही सांगता आलं नाही. दिवस कोरडे होते, तरी बाजारातून लाकडं आणायची वेळ आली नाही; खोपटामागची होतीच. मामींच्या मिरच्या शेजारणीने गोळा करून घेतल्या.

बाजारात लोक काय काय बोलले! बापाचं काळीज आहे की धोंडा. स्वतःचं पोर आत मरतंय आणि हा दिवा लावत बसला. ज्या दोघा दोस्तांना त्यांनी अडवलं ते आज लेकुरवाळे आहेत, घाम गाळून खातात, हे मात्र कुणी बोललं नाही. तेरावा झाल्यावर मामी एवढंच म्हणाल्या, "तुमी तरी उडी घ्यायची व्हती." मामा भिंतीकडे बघत बसले. अर्धवट राहिलेल्या दुसऱ्या खोलीची भिंत होती ती.

महिनाभर मी त्यांच्यासमोर गेलो नाही. मग एक दिवस धीर करून खोपटाशी गेलो. मामी नदीवर गेल्या होत्या, मामा दोर उलगडून त्याचे पीळ तपासत बसले होते. मी उभ्यानेच सांगून टाकलं, "मामा, त्याला मी उतरवलं. डब्याची घाई होती. मी म्हणालो, उतर."

"ठावं हाय," मामा म्हणाले. "त्याच दिशी कळलं. तुमच्या तोंडावर लिवलं व्हतं."

"मग मला एक शब्द बोलला नाहीत? शिव्या तरी घालायच्या!"

"शिव्या घालून कुनाला वर आनू, दिवाणजी?" दोराचा एक पीळ त्यांनी नखाने उचकटून बघितला. "तुमी इचारलं न्हाई. त्यानंबी इचारलं न्हाई. ज्यानं रोज इचारलं त्यो रांगेत हुबा व्हता."

मला रडू फुटलं. रडत रडतच मी विचारलं, "मामा, देवाचा राग येत नाही तुम्हाला?"

"येतो की. लय येतो. शिंगनापूरला जाऊन त्याच्या पायरीवर डोस्कं आपटावं वाटतं." ते दोराचा पुढचा पीळ बघायला लागले. "पन त्यानं खोटं न्हाई सांगितलं. दोनदा न्हाई म्हनला, तिसऱ्यांदा व्हय म्हनला. व्हय म्हनायला उशीर केला त्यानं, एवढंच."

पावसाळ्याआधी दोघं वडूजकडे निघून गेली. मोटार सकाळची होती. मी आदल्या संध्याकाळी स्टँडवर जाऊन पाहिलं, तर मामा नव्हते. सकाळी अगदी सुटायच्या वेळेला आले, हातात गाठोडंही धड बांधलेलं नाही. मला वाईट वाटलं ते त्या गाठोड्याचं. "परत या मामा," मी म्हणालो. ते नेहमीसारखं "म्हादेवाची मर्जी आसंल तर" म्हणतील म्हणून मी वाट बघितली. ते नुसते हसले आणि मोटार गेली.

अडतीवर आलो तर माझ्या बसायच्या जागेवर, खिळ्याला, कंदील टांगलेला. काच लख्ख पुसलेली, वात कातरलेली. मी तो कानाशी धरून हलवला. काठोकाठ भरलेला होता, आवाज आला नाही. घरची बाटली रिकामी करून ठेवली असणार. आणि मी तिकडे स्टँडवर, मामा आता पुढचं काही बघत नाहीत म्हणून हळहळत होतो.

पुढच्या हंगामात वडूजकडच्या एका गाडीवानाकडून मामा गेल्याचं कळलं. ऐन पावसात गेले. लाकडांचं काय केलं, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण विचारलं नाही.

त्याच आठवड्यात पेव उघडायचं होतं. गाड्या उभ्या होत्या, घाई होती, घाई कधी नसते? नवा गडी कमरेला दोर बांधून तयार होता. मी कंदील पेटवला आणि आत सोडला. मामांसारखं "चला, इचारून बघू" म्हणायला तोंड उघडलं, पण ते शब्द माझ्या तोंडून निघेनात. ज्योत हलली, बारीक झाली आणि पुन्हा मोठी होऊन जळत राहिली.

"दिवाणजी, उतरू का?" गड्याने विचारलं.

मी त्याच्याकडे न बघता हात वर केला, थांब म्हणून. कंदील नीट जळत होता. तरी मी आणखी थोडा वेळ थांबलो.