कडीला बांधलेली चिंधी

घर क्रमांक सातचं गॅसचं पुस्तक चौदा महिने कोरं होतं, आणि घर क्रमांक सात म्हणजे माझी मावशी.

हे मला कळायला नको होतं. आमच्या संशोधनाचा नियमच तसा आहे. कुणाचं नाव लिहायचं नाही, घराला नुसता क्रमांक द्यायचा आणि आपल्या नातेवाइकाकडे फॉर्म घेऊन स्वतः जायचं नाही. म्हणून कोपरीतल्या मावशीच्या चाळीत मी आमच्या संस्थेतल्या दोन मुलींना पाठवलं होतं. पण बारा खोल्यांच्या चाळीत एकटी राहणारी, जिन्याशेजारची, एकाहत्तर वर्षांची बाई अजून कोण असणार? क्रमांकामागे लपायला चाळीत तेवढी जागा नसते.

माझं काम थोडक्यात सांगते, कारण घरातही ते कुणाला नीट कळलेलं नाही. सरकार गरिबांना सवलतीत गॅस देतं. मग लोक तो वापरतात की पुन्हा लाकडाकडे वळतात, त्यातून धूर किती वाचतो आणि झाडं किती वाचतात, हे आम्ही शोधतो. शीळफाट्याजवळची वस्ती, कल्याणच्या दोन चाळी आणि कोपरीची ही एक, एवढी घरं होती. माझा आकड्यांवर फार विश्वास. नवऱ्यापेक्षा जास्त, असं नवराच म्हणतो.

आणि कोपरीचे आकडे स्पष्ट बोलत होते. बारापैकी नऊ घरांनी वर्षभरात जवळजवळ सिलेंडर घेतलेलाच नव्हता. उरलेल्या तीन घरांनी मात्र एवढे घेतले होते की तिथे खानावळ चालत असावी. मुलींनी चाळीच्या मागे रचलेल्या लाकडांच्या ढिगाचा फोटोही आणला होता. मी मसुद्यात लिहून टाकलं: नऊ घरं लाकडावर परतली आहेत, तीन घरांतून सिलेंडर बाहेर विकले जात असावेत, नऊ घरांची सवलत काढून खऱ्या गरजूंना द्यावी. वाक्यं चांगली ठसठशीत झाली होती. सोमवारी ती वरच्या कार्यालयात मांडायची होती.

सात नंबर कुणाचा ते लक्षात आलं तेव्हा मला आधी आई आठवली. माझ्या आईचं सगळं आयुष्य चुलीपुढे गेलं आणि ती दम्यानं गेली. मी या विषयात पडले ती तिच्यामुळेच. आता आईच्या माणसांतली ही एकच मावशी उरली होती आणि दोन महिन्यांपासून ती फोनवर खोकत होती.

मी लगेच फोन केला. नियम गेला खड्ड्यात.

"मावशी, गॅस आहे ना गं घरात?"

"आहे की. तुला काय करायचंय?"

"भरून कधी आणलास शेवटचा?"

"आणला असेल कधीतरी. तू जेवलीस का?"

जेवणाचा विषय काढला की मावशी काहीतरी लपवतेय, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तिनं फोन ठेवला तोही खोकतच. त्या रात्री मला झोप लागली नाही आणि रागही आला. सगळ्यांच्या धुराचा अभ्यास करायचा आणि आपल्याच मावशीच्या छातीत धूर भरतोय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं मला वाटलं.

रविवारी सकाळी मी डोंबिवलीहून निघाले आणि न कळवता कोपरीत थडकले. चाळीच्या मागे आधी चक्कर मारली. ढीग होता, फोटोतल्यापेक्षा मोठा झाला होता. मी तणतणतच पुढे आले. मावशीचं दार उघडं होतं. ती ओट्याशी भाकरी थापत उभी होती आणि तव्याखाली छान निळी ज्योत होती.

मी वाकून ती ज्योत बघितली.

"अगं, अशी कशी आलीस? फोन तरी करायचास. बस, भाकरी खा गरम."

"मागे लाकडं कसली आहेत?"

"होळीची. पलीकडच्या गल्लीतली पोरं जमवतायत. तुला कशाला पायजेत?"

मी खुर्चीवर बसले. आमच्या अहवालातला पुरावा पुढच्या पौर्णिमेला जळणार होता.

"आणि खोकला?"

"समोरची बिल्डिंग पाडतायत, दिसली नाही? आख्खी कोपरी खोकतेय."

तिनं दुसरी भाकरी तव्यावर टाकली, पाणी लावलं, आणि ती उलटायच्या आत ज्योत फडफडली आणि विझली. सिलेंडर संपला. मावशीनं माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे. क्षणभर ती अशी उभी राहिली की शाळेत चोरी पकडली गेलेल्या मुलींची मला आठवण झाली. तव्यावर भाकरी अर्धी कच्ची होती. शेवटी भाकरी जिंकली. मावशीनं शेजारच्या भिंतीवर लाटण्यानं दोनदा ठोकलं.

शेजारची बाई आली. मूळची मालवणकडची, इथे लग्न होऊन आलेली. तिनं काही विचारलंही नाही. जिन्याखाली गेली, तिथला भरलेला सिलेंडर तळाच्या कडेवर फिरवत फिरवत आणला, रिकामा त्या जागी नेऊन ठेवला. मी लावायला पुढे झाले तर म्हणाली, "र्‍हावंदे ताई, मावशी लावतात." दोन मिनिटांत भाकरी फुगली.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

शेजारीण मावशीकडे बघायला लागली. मावशीनं पदरानं हात पुसले.

"चाळीचा," ती म्हणाली.

मग सगळं बाहेर आलं. नऊ घरांतली माणसं दिवसभर कामावर असतात. सिलेंडर पोचवणारा दुपारी येतो आणि दार बंद दिसलं की परत घेऊन जातो. दोन-तीनदा असं झाल्यावर बायकांनीच वाट काढली. दिवसा घरी माणूस असतो अशी तीन घरं, सगळी बुकिंग त्यांच्या मोबाइलवरून. आलेला सिलेंडर जिन्याखाली. ज्याचा संपेल त्यानं तिथला न्यायचा आणि दाराच्या कडीला चिंधी बांधायची, म्हणजे पुढच्या सिलेंडरचे पैसे कुणी भरायचे ते येता-जाता सगळ्यांना दिसतं. नवा सिलेंडर जिन्याखाली आला की चिंधी सुटते.

मावशीचंही दार दुपारी बंदच. बालवाडीत खिचडी शिजवायला जाते ती अजून.

चिंधी. ती चिंधी मी गेलं वर्षभर बघत होते. मला वाटायचं दृष्ट लागू नये म्हणून बांधतात. मी एकदा मावशीला चिडवलंही होतं, की घरात रोज बुद्धवंदना करतेस आणि दाराला चिंध्या बांधतेस? तेव्हा ती नुसती खूप हसली होती. ऊर्जेवर एवढे पेपर लिहिलेली मी, काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी पिशवीतून वही काढली, बारा घरांचे सिलेंडर एकत्र केले आणि बाराने भागले. आकडा अगदी चारचौघांसारखा आला. लाकूड नाही, खानावळ नाही, विक्री नाही. माझ्या जिवात जीव आला. मी चक्क रडले, भाकरी खाताखाता. शेजारीण घाबरून पाणी घेऊन आली.

मग मला मावशीचा राग आला. तो यायलाच हवा होता.

"मला का नाही सांगितलंस? मी काय परकी आहे?"

"तू नव्हतीस गं परकी, फॉर्म परका होता," मावशी म्हणाली. "एकाच्या कार्डावर दुसऱ्यानं घेतलेला चालत नाय म्हणतात. खरं सांगितलं असतं तर तू तसंच लिहिलं असतंस आणि आमचा गॅस बंद झाला असता. नायतर आमच्यासाठी तू खोटं लिहिलं असतंस. आयुष्यभर खरं लिहिलंस, आता माझ्यापायी खोटं लिहिणार? म्हटलं, खोटं बोलायचंच आहे तर आपण बोलावं."

मी ताटातली भाकरी संपवली.

त्याच दुपारी चाळीतल्या बायका जिन्यावर जमल्या आणि काय लिहायचं, काय नाही, हे आम्ही ठरवलं. सोमवारी मी वरिष्ठांसमोर उभी राहिले आणि पहिल्यांदा म्हणाले की माझा मसुदा चुकला आहे. गाव सांगितलं नाही, चाळ सांगितली नाही. एवढंच सांगितलं की आपण घर मोजत होतो आणि काही ठिकाणी घर नाही, चाळ मोजायला हवी. सवलत काढण्याची शिफारस मी खोडली आणि त्या जागी लिहिलं की सिलेंडर संध्याकाळी किंवा रविवारी पोचवावा. सरांनी कागद दोनदा वाचला. मग ते म्हणाले, "बाकीच्या तीन वस्त्यांतही पुन्हा विचारून या. फॉर्म न घेता जा." मी बाहेर येऊन जिन्यातच बसले आणि मावशीला फोन केला. तिनं विचारलं, "जेवलीस का?" आणि या वेळी ती खरंच तेवढंच विचारत होती.

पण त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. संध्याकाळी मी निघाले तेव्हा मावशी दारापर्यंत आली. माझी चप्पल मी घालत होते, तोवर तिनं खुंटीवरून जुन्या साडीची एक लाल पट्टी काढली. मी तो काठ ओळखला. आईची साडी होती, आई गेल्यावर मावशीनं नेलेली.

"घे," ती म्हणाली. "कडीला बांध."

"मी?"

"मग कोण? तुझ्या भाकरीत संपलाय ना?"

मी चिंधी बांधली. गाठ सैल झाली म्हणून मावशीनं ती सोडायला लावली आणि मी पुन्हा बांधली.